भिजलेला माल

गिऱ्हाइकावर हात उचलणारा दुकानदार गांधीबागेच्या बाजारात आजवर झाला नव्हता. झाला तो रंभाबाईच्या पोटी. आणि ही बातमी तिला शेजारच्या चंपतरावाच्या तोंडून ऐकावी लागली, याची आग तर पायापासून मस्तकापर्यंत.

चंपतरावाचं चादरीचं दुकान भिंतीला भिंत लागून. सकाळीच तो जिन्याच्या तोंडाशी येऊन उभा राहिला होता.

"काल सांजच्याले जरीपटक्याची एक पोट्टी आली होती, वैनी. हातात डायपरचं पाकीट. माल खराब निघाला म्हणे. तुमच्या कृष्णकांतनं आधी शिव्या देल्ल्या. ते हटेना, तं कानाखाली ठेवून देल्ली. पोट्टी फळीच्या कोपऱ्यावर आदळली. दात पडला जी तिचा. मीच फडक्यात बांधून हाती देल्ला."

"तुम्ही काय करून राहिले होते तवा?"

"मी? मी आपल्या दुकानात होतो."

"म्हंजे पाहून राहिले होते," रंभाबाई म्हणाली. "जा, आता चादरी इका."

वरती घर, खाली दुकान. सत्तरी ओलांडलेली बाई, गुडघे कुरकुरत होते. पण जिना ती अशी उतरली की पायऱ्यांनी अंग चोरावं.

हे दुकान लेकरांच्या लंगोटांवर उभं राहिलं होतं. सासऱ्याचा हातमाग बसला, नवरा दारूत बुडाला, तेव्हा दुसरीपर्यंत शिकलेल्या रंभाबाईनं कोष्टीपुऱ्यातल्या घराघरांतून जुनी लुगडी मागून आणली होती. जन्मलेल्या लेकराला नवं कापड टोचतं; त्याला शंभर धुण्यांनी मऊ झालेलं जुनेरच लागतं. ती लुगडी तिनं उकळली, फाडली, तिकोनी शिवली, नाड्या लावल्या आणि याच जागी फुटपाथवर पोतं टाकून विकली. मग मलमलीचे तागे आले. मग मेणकापडाच्या चड्ड्या आल्या. आत कापडाची घडी घालायची, वरून बटणं लावायची. अंथरूण कोरडं राहायचं आणि लेकरू आतल्या आत शिजायचं. मांड्यांवर लाल वळ उठायचे. त्याही तिनं विकल्या, पण प्रत्येकीला बजावून, का वं, दर घंट्याले उघडून पाह्य.

आणि मग हे डायपर. आधी औषधाच्या दुकानात एकेक सुटा मिळायचा, डॉक्टरीणबाई गाडीच्या प्रवासाला न्यायच्या. आता रोजमजुरीवाल्याच्या घरातही पाकीट. कृष्णकांतनं तागे काढून टाकले आणि दुकान छतापर्यंत डायपरनं भरलं. पहिला आला तेव्हा रंभाबाईनं तो कात्रीनं फाडून पाहिला होता. आत कापडाचा धागा नाही. कागदाच्या लगद्यासारखा कापूस आणि त्यात मिठासारखी पूड. वर तांब्याभर पाणी ओतलं, तर पुडीनं ते सगळं पिऊन टाकलं आणि साबुदाण्यासारखी फुगून बसली. पिळून पाहिलं. थेंब सुटला नाही.

"याले धुवाचं कसं?" तिनं विचारलं होतं.

"धुवाचं नाई, माय. फेकाचं."

तिला ते पटलं होतं. हिवाळ्यात गू-मुताचे लंगोट धुऊन धुऊन ज्यांच्या बोटांना भेगा पडल्या, त्या बाया जुन्याचं कौतुक करत बसत नाहीत.

दुकानात कृष्णकांत गादीवर बसून चहा पीत होता. पन्नाशीचा माणूस, पोट सुटलेलं. रंभाबाईनं भिंतीला टेकवलेला लोखंडी गज उचलला. कापड मोजायचं काम कधीच संपलं होतं, पण गज तिनं दुकानातून हलू दिला नव्हता.

"कोणता हात होता?" तिनं विचारलं.

"कायचा हात?"

"पोट्टीवर उचलला तो."

त्यानं उजवा हात नकळत मागे घेतला, आणि गज त्याच्याच मनगटावर बसला. कप फुटला. चहा गादीवर सांडला.

"माय, लोक पाहून राहिले."

"कालही पाहूनच राहिले होते."

"तुले काई ठाऊक नाई," तो मनगट चोळत म्हणाला. "हे लोक पैसे उकळाले येते. लेकराच्या ढुंगणाले पुरळ आलं, तं दुकानदारानं काय करावं? तेल लावाले जावं का घरी?"

रंभाबाई त्याला अजून दोन गोष्टी सुनावणार, तोच दारात ऑटो येऊन थांबला. चार जण उतरले. पुढच्याच्या हातात सळई. पहिला वार त्यानं काचेच्या कपाटावर केला, दुसरा कृष्णकांतच्या खांद्यावर. हाड मोडल्याचा आवाज काचांच्या आवाजाहून वेगळा असतो. तो रंभाबाईला नीट ऐकू आला. कृष्णकांत गुरासारखा हंबरला. दुसऱ्यानं त्याला गादीवरून खेचून खाली पाडलं, तिसऱ्यानं तोंडावर लाथ घातली. नाकातून रक्ताची धार लागली आणि पांढऱ्या पाकिटांच्या थप्पीवर उडाली. थप्पी कोसळली.

रंभाबाई आडवी आली.

गज तिनं दोन्ही हातांनी धरला होता. पहिला फटका सळईवाल्याच्या कोपरावर बसला. सळई खणखणत पडली. दुसरा त्याच्या कानावर. तो फळीला धडकला, खाली बसला आणि पुन्हा उठला. तिशीचा गडी, एका हातानं तिला चिरडून टाकू शकला असता. त्यानं हात उचलला नाही. मोडका कोपर पोटाशी धरून तिच्यासमोर नुसता उभा राहिला.

"मार आजी," तो म्हणाला. "अजून मार. तिकडे दवाखान्यात माह्या पोराची चामडी निघून राहिली, तिथं माह्या कोपराचं काय."

"कोण बे तू?"

"रोशन. हे माही बायको."

त्याच्या मागून एक पोरगी पुढे आली. वरचा ओठ सुजून नाकाला टेकलेला. समोरच्या दाताच्या जागी काळी खाच. भूमिका तिचं नाव. तिच्या हातात अर्धं रिकामं पाकीट होतं, ते तिनं रंभाबाईच्या पायाशी टाकलं.

"तीन महिन्याचा हाय माहा लेक," ती सुजल्या ओठानं शब्द चाचपत बोलली. "आमच्या बाजारात हे पाकीट घेतलं, तिथला दुकानवाला म्हणे माल तुमचा. याच्यातलं बांधलं होतं. आधी फोड आले. मंग फुटले. डायपर सोडाले गेली तं चामडी त्याच्यासंगच आली. डॉक्टर म्हंते, रक्तात पसरलं. मी भांडाले नव्हती आली, आजी. मी एवढंच सांगाले आली होती, का हा माल दुसऱ्या कोणाले देऊ नका. तं यानं मारलं."

रंभाबाई वाकली. पाकिटातून एक डायपर काढला, दोन्ही हातांनी टरकन फाडला. पुडीचे आतल्या आत खडे झाले होते. कापसावर बुरशीचे हिरवे-काळे ठिपके. तिनं तो नाकाशी नेला आणि तोंड फिरवलं.

तो वास तिला ओळखीचा होता. भादव्यात नाल्याचं पाणी इतवारीतल्या त्यांच्या गोदामाच्या तळघरात शिरलं होतं. कमरेएवढं. शहरभरची घाण घेऊन आलेलं. तिथे डायपरचा माल भरला होता. सगळा कचऱ्याच्या गाडीत फेकला, असं कृष्णकांतनं जेवताना, तिच्या ताटात भाजी वाढत सांगितलं होतं.

"कृष्णा," ती म्हणाली, "हा तळघरातला माल हाय."

तो भिंतीला टेकून बसला होता. नाकातलं रक्त हनुवटीवरून सदऱ्यावर ठिबकत होतं.

"पुरा भिजला तो फेकला, माय. हा वरवर भिजला होता. गच्चीवर वाळवला, पाकिटं बदलली, जरीपटक्याच्या बाजारात टाकला. तूच नाई का वाळवले होते तागे, मागच्या पुरात? गांधीबागेत कोण नाई वाळवत? सांग यायले."

"मी चुन्याच्या पाण्यातून काढले होते. साबणातून काढले, उकळले. अन् भिजका माल हाय म्हणून सांगून विकले."

"मी कापडवाल्याचा पोरगा. वाळला तं वाळला, मले एवढंच समजते. मले काय ठाऊक, का यात फरक पडते?"

खोटं नव्हतं ते, रंभाबाईलाही कळत होतं. कापडाच्या धंद्यात भिजलेला तागा कोणी फेकत नाही. कापड जे पितं ते पिळल्यावर परत देतं. त्याच्यावर तीन पिढ्या जगल्या. पिढ्यान्‌पिढ्या कापडात हात बुडवलेला माणूस या पुडीलाही कापडच समजला, तर तो खुळा म्हणायचा. आणि खुळा असला तरी पोरगा तिचा. खुळ्या पोरासाठी ती या लोकांच्या सळईपुढे मरेपर्यंत आडवी पडली असती, त्या लेकराच्या दवाखान्याला दुकान विकून दिलं असतं, त्याच्या मायबापाचे पाय धरले असते. पण जर त्याला ठाऊक असेल, तर?

एवढंच तिला समजून घ्यायचं होतं. त्यापुढे काय करायचं, याला तिला वेळ लागणार नव्हता.

रोशननं डाव्या हातानं सळई उचलली होती.

"घडीभर थांब गा," रंभाबाई त्याला म्हणाली. "मले एक पाहू दे. मंग मी तुले अडवणार नाई." तिनं पाकिटातला दुसरा, न फाटलेला डायपर घेतला. "चल वर, कृष्णा. तुम्ही बी चला दोघं."

वरच्या खोलीत कृष्णकांतची मुलगी मोनाली बाळंतपणाला आलेली. नुकतीच तेल लावून, न्हाऊ घालून महिन्याची पोर तिनं पलंगालगतच्या गादीवर उघडी ठेवली होती. पोर मुठी चोखत होती. कोपऱ्यात भारी कंपनीच्या डायपरची खोकी रचलेली; ती कृष्णकांत स्वतः बर्डीवरच्या मोठ्या दुकानातून आणायचा. बापाचं रक्तानं भरलेलं तोंड पाहून मोनाली उठली.

"बाबा? काय झालं?"

"बस वं," रंभाबाई म्हणाली. तिनं डायपर कृष्णकांतपुढे धरला. "हे बांध. तुह्या नातीले. तुह्या हातानं."

"काय नाटक लावलं, माय."

"नाटक नाई. वाळला तं वाळला म्हंतला ना? फरक पडत नाई ना? मंग बांध."

"माहा खांदा मोडला."

"मंग मी बांधते."

ती गादीशी गुडघे टेकून बसली. पोरीचे दोन्ही पाय एका मुठीत उचलले, जसे हजार लेकरांचे उचलले होते, आणि डायपर खाली सरकवायला हात पुढे केला. डोळे मात्र तिनं कृष्णकांतकडेच ठेवले होते. त्याचा चेहरा तिला दिसला. ओठ पांढरे पडले.

मग तो धावून आला. मोडलेला खांदा विसरून त्यानं आईच्या छातीत लाथ घातली. रंभाबाई मागे फेकली गेली, पलंगाचा लोखंडी पाया भुवईवर बसला आणि चामडी फाटली. कृष्णकांतनं डायपर ओरबाडून घेतला आणि खिडकीबाहेर भिरकावला. ज्या हातानं तो धरला होता, तो हात लेंग्याला पुसला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा.

पोर किंचाळत होती. मोनालीनं तिला उचललं आणि ती भिंतीपर्यंत मागे सरकली. बाप एक पाऊल पुढे आला, तशी तिनं पोरीला दोन्ही हातांत लपवलं.

"जवळ नका येऊ, बाबा."

तेव्हा कुठे कृष्णकांत थांबला. त्यानं खाली पाहिलं.

"माय... लागलं का?"

दारात रोशन पुढे सरसावला. रंभाबाईनं बसल्या जागेवरून तळवा वर केला. तो थांबला. तिच्या भुवईचं रक्त डोळ्यात उतरलं होतं, पापणी चिकटली होती. तिनं ते पुसलं नाही. पलंगाच्या पायाला धरून ती उभी राहिली, एकदा लटपटली. भूमिकानं पुढे होऊन तिचा दंड धरला. सुजल्या तोंडाच्या त्या पोरीचा आधार तिनं झिडकारला नाही. एका उघड्या डोळ्यानं ती पोराकडे पाहत राहिली. त्या डोळ्याला पाणी नव्हतं.

"खुळा असता, कृष्णा, तं तुह्यासाठी मी या पोट्ट्याचा दुसराही हात मोडला असता," ती म्हणाली. "पण तुले ठाऊक होतं. आता खाली उतर अन् याच्या ऑटोत बस. जरीपटक्याच्या बाजारात ज्या ज्या दुकानी हा माल टाकला, तिथं उभा राह्य अन् तुह्या तोंडानं सांग, का हा नाल्याच्या पाण्यातला हाय, लेकरायले बांधू नका. लोक मारतील. मारू दे. मी आडवी येणार नाई."