पाच बल्बांत तीस

"सर, तुमच्या कॉम्प्युटरले पाढे येतात का?"

प्रश्न माझा नव्हता. मागच्या बाकावरून गोपिकाने पैज लावली होती, "हिंमत असंल तर विचार वं, जये!" सदर भागातल्या कॉम्प्युटर क्लासचे सर आमच्या दहावीच्या वर्गाला माहिती द्यायला आले होते. आठवीत गणितात काठावर पास झालेली मी उभी राहिले अन् विचारून मोकळी झाले. वर्ग खिदळला. सर मात्र खूश!

"नाही येत. त्याला मोजायला बोटंच नाहीत. नुसते बारीक स्विच. चालू म्हणजे एक, बंद म्हणजे शून्य."

मग त्यांनी आम्हा पाच जणींना फळ्यापुढे रांगेत उभं केलं. वर्गाच्या उजव्या हाताची पोरगी एक, तिच्या शेजारची दोन, मग चार, आठ आणि टोकाला मी, सोळा! उभी असेल ती मोजायची, बसली ती सोडायची. सर "तेरा" म्हणाले की आठ, चार, एक उभ्या, बाकीच्या खाली. अक्षरंसुद्धा अशीच ठेवतात म्हणे. प्रत्येक अक्षराला एक आकडा, अन् आकडा असा उठाबशांचा. मला इतकी मजा आली की घरी येईस्तोवर मी रस्त्यातली माणसं मोजत होते.

आमच्या नंदनवनच्या घरी दसऱ्याला दीक्षाभूमीसाठी मौद्याहून पाहुणे येतात आणि बाबा गच्चीच्या कठड्यावर बल्बांची माळ लावतात. यंदा दीक्षेला तीस वर्षं झाली. मी म्हटलं, "माळ मी लावते. पाचच बल्ब. त्यात तीस लिहीन."

"पाचात तीस?" बाबा हसले. "आठवीचा पेपर विसरली काय वं?"

घरात ठरलेलंच होतं, अकरावीला आर्ट्स, मग डी.एड. मला गणित हवं होतं, पण बोलायला तोंड नव्हतं. मनात म्हटलं, रस्त्यावरून तीस वाचता आले तर आजच बोलायचं. नाही आले तर गुमान डी.एड.

मौद्याहून आलेल्या धोंडबामामांना, आईच्या थोरल्या भावाला, दिवसभर चिंचोके मांडून हिशेब शिकवला. मग माळ लावली. सोळा, आठ, चार, दोनच्या जागी चांगले बल्ब. उजव्या टोकाला, एकाच्या जागी, फ्यूज गेलेला बल्ब. दिवेलागणीला गोपिकासकट सगळे रस्त्यावर जमले, मी गच्चीवर. बटण दाबलं.

मामांनी बोटांवर मोजलं. "जये, पंधराच होऊन राहिले वं! आमी काय कालपरवा दीक्षा घेतली काय?"

गोपिका तर पोट धरून हसायला लागली. बाबा म्हणाले, "घ्या! पोरीनं अर्धी वर्षं खाल्ली."

कानशिलं तापली. पुन्हा मोजलं, बरोबर तीस! मग खाली पाहिलं. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे होती. अगं बाई, माझा उजवा हात म्हणजे त्यांचा डावा! शाळेत सर वर्गाच्या बाजूनं मोजत होते, मी इथं माझ्या बाजूनं.

बटण बंद केलं. डाव्या टोकाचा गरम बल्ब ओढणीनं धरून काढला, तिथं फ्यूजवाला लावला अन् चांगला इकडं. पुन्हा बटण.

मामांनी पुन्हा मोजलं. मग आईच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "तीस. हिले खांद्यावर घेऊन दीक्षेले आलतो, त्याले."

मी धावत खाली आले. बाबा वरच बघत होते. "म्हंजे न लागलेला बल्बबी कामाचा?"

"त्याच्यामुळंच तर तीस, बाबा! तो तिथं नसता तर पंधराच."

आईला वेगळीच काळजी. "अन् लाइट गेली तर? सगळं विसरते का तुया कॉम्प्युटर?"

"स्विच विसरतात वं आई. म्हणून तबकडीवर बारके बारके चुंबकाचे ठिपके करून ठेवतात. इकडं तोंड तर एक, तिकडं तोंड तर शून्य. लाइट गेली तरी ते तोंड फिरवत नाहीत."

"तुयासारखेच हट्टी मंग," आई म्हणाली, अन् बाबांनाही हसू आलं.

एवढी चांगली वेळ पुन्हा कुठली?

"मंग दोघंबी ऐका," मी म्हटलं. "अकरावीत मी आर्ट्स नाही घेत. सायन्स घेणार, गणितासकट. अन् लाइट गेली तरी मी तोंड फिरवणार नाही."