मास्तरांच्या गालातली टाचणी

"घट्ट असेल तर सांग, सैल असेल तर सांग,
झाकलेल्या मापाचं उसवतं सारं अंग."

शिलाई मशीनच्या ठेक्यावर वडील हे म्हणायचे. साठ वर्षं झाली, तो आवाज मास्तरांच्या कानातून गेलेला नाही. आज मात्र त्यांनी ऐकू न आल्याचं सोंग केलं आणि मुखवट्याच्या जाळीत टाचणी खोचली.

मास्तर म्हणजे शिंपी. सहा वर्षांपूर्वी घशामागे गाठ आली होती, ती किरणांनी जाळली. पण माहेरी आल्यासारखी ती पुन्हा त्याच जागी येऊन बसली. नेहमीचे किरण तिथे परत देता येईनात, म्हणून आता कणांचा झोत.

डॉक्टरांनी समजावलं होतं, "हे कण ठरलेल्या खोलीवर थांबतात. पलीकडे मज्जारज्जू आहे, त्याला धक्का लागता कामा नये."

"म्हणजे टाका अस्तराला, वरच्या कापडाला कळूसुद्धा द्यायचं नाही."

"अगदी! फक्त तुम्ही बारीक व्हायचं नाही. अंग बदललं की खोलीचं गणित चुकतं."

आणि मास्तर बारीक होऊ लागले. घास उतरेना. बायको मऊ मऊ शिजवून समोर ठेवायची आणि तिची पाठ वळली की ताटली खिडकीबाहेर, शेजारच्या मांजरापुढे. मांजर आठवड्याला अर्धा इंच वाढत होतं, मास्तर तेवढेच आटत होते. ती भाजी आणायला गेली की ते सदरे उसवायचे, बाजूने आत घ्यायचे, इस्त्री फिरवायचे. अंगावर पुन्हा कसे चापून चोपून!

सदऱ्याने ऐकलं. मुखवटा ऐकेना. चेहरा जागच्या जागी राहावा म्हणून तोंडावर बसवायची ती प्लॅस्टिकची कडक जाळी पंधराव्या दिवशी गालावर डुगडुगू लागली. हे कळलं तर उपचार थांबवतील, ही मास्तरांची धास्ती. मुखवटा रोज हातात घेऊन तपासायची त्यांना सवय होती. झोत देणारी ताई हसून तो देऊन टाकायची. आज त्यांनी तिची नजर चुकवून आतून कोटाच्या खांद्याची उशी लावली, टाचणीने पक्की केली आणि म्हणाले, "वा! फिटिंग झकास."

ताईने त्यांना टेबलावर निजवलं, मुखवटा आवळला, बाहेर जाऊन रोजच्यासारखा एक्स-रे काढला. मग कर्ण्यातून आवाज आला, "मास्तर, हलू नका. तुमच्या गालात टाचणी आहे."

मुखवटा आवळलेला, मास्तर बोलणार काय?

ताई आत आली. मुखवटा सोडला, उशी चिमटीत धरून उचलली. "ही काय भानगड?"

"जरा... आल्टर केलं."

"मास्तर! इथे दोन मिलिमीटर सरकले तरी आम्ही झोत सोडत नाही. तुम्ही तर उशाच शिवायला बसलात!"

"आता घरी पाठवणार ना मला?"

"घरी कशाला? नवं माप घेणार. नवा स्कॅन, नवा मुखवटा, चार दिवसांत पुन्हा सुरू. ढिलं झालंय एवढं सांगायचं, बस्स!"

इतकं सोपं असेल असं मास्तरांना वाटलंच नव्हतं. ताईने बाहेर बसलेल्या बायकोला बोलावलं, सगळं सांगितलं. तिने उशी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि पर्समध्ये टाकली.

"माझ्या कोटाची आहे," ती म्हणाली.

"अगं, नंतर पुन्हा लावून देणार होतो."

"आणि सदरे? निळ्या सदऱ्याला काळा दोरा घातलात. चाळीस वर्षांत असा रंग चुकला नव्हता तुमचा. मी काय आंधळी आहे?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही सांगाल म्हणून थांबले होते. ते मांजर बघा जाऊन, दारातून आत येईनासं झालंय."

ताई हसू दाबत मुखवटा पुसू लागली. मास्तरांनी सदऱ्याची घेतलेली शिवण दोन बोटांनी चाचपली. मग हळूच बायकोची बांगडी धरली.

"गिळताना कापतं गं आतून. पहिल्या आठवड्यापासून. तू इतकं करून घालतेस, कसं सांगू? आणि... मला फार भीती वाटते."