मस्विंगोसाठीचा फ्रिज

शनिवारी सकाळी साडेपाचला एस्नाथ उठली. फ्रिजखालचे पसरट भांडे तिने ओढून काढले आणि गळलेले पाणी मागच्या पपईच्या मुळाशी ओतले. दुधाचा वास घेऊन पाहिला, ते उकळले आणि पातेले थंड पाण्यात ठेवले. कोबीचा अर्धा गड्डा ओल्या फडक्यात गुंडाळला. चहा घेतला. मग बाहेरच्या खोलीत जाऊन तिने दुसऱ्या फ्रिजवरची धूळ पुसली.

हा फ्रिज सात वर्षे भिंतीशी उभा होता, दुकानातून आला तसाच, प्लास्टिकमध्ये आणि कोपऱ्यांना थर्माकोल लावलेला. वर क्रोशाचा रुमाल, रुमालावर तिच्या नवऱ्याचा, जोसायाचा फोटो. दारावर प्लास्टिकला चिकटवलेल्या कागदावर जोसायाच्याच अक्षरात लिहिले होते : 'मस्विंगो. सांभाळून उतरवणे.' एकोणीस वर्षांपूर्वी दोघे झिम्बाब्वेतून इथे गॅबोरोनला शिकवायला आले. मस्विंगोला, आपल्या गावी, त्यांनी घर बांधले, आणि त्या घरासाठी एकेक वस्तू इथल्या भाड्याच्या दोन खोल्यांत जमत गेली. त्यांच्या गाववाल्यांपैकी प्रत्येकाच्या घरी असे काहीतरी गुंडाळलेले उभे असे. आल्यागेल्याने त्याविषयी विचारायचे नसे.

जोसायाला जाऊन चार वर्षे झाली होती. त्याचा धाकटा भाऊ आता त्या घरात राहत होता. येत्या डिसेंबरात आपण कायमचे परतणार, असे एस्नाथने सर्वांना सांगितले होते. शाळेने दिलेला नोकरीच्या तीन वर्षांच्या मुदतवाढीचा कागद फोटोखाली होता. त्यावर तिने सही केली नव्हती.

आठ वाजता फनुएल फ्रिज दुरुस्त करायला आला. तोही झिम्बाब्वेचाच. वयाने तिच्याहून बारा वर्षांनी लहान, पण तिच्या आईच्या कुळाचा, म्हणून नात्याने मामा. हे नाते तो पुरेपूर वापरी.

"भाचीबाई, मामासाठी चहा ठेवलाय की नुसता रोगीच दाखवायचाय?"

"आधी रोगी बघा, मामा. महिन्याभरात तिसऱ्यांदा आलाय तुम्ही."

त्याने फ्रिज भिंतीपासून ओढला, स्क्रूड्रायव्हरचे टोक कॉम्प्रेसरवर टेकवून मूठ कानाशी धरली आणि बराच वेळ ऐकत राहिला.

"संपला हा."

"गॅस भरा ना."

"भरतो की. तीन आठवडे चालेल. मग मी पुन्हा येईन, पुन्हा तुझी कोंबडी खाईन. माझं काय जातंय?" त्याने बाहेरच्या खोलीकडे मान वळवली. "आणि ती नवरी कधी सासरी जाणार?"

"तिकडचं वायरिंग झालं की."

"वायरिंग दोन वर्षांपूर्वी झालं. त्या आनंदात तू मला जेवायला घातलंस. मी मामा आहे म्हणून विचारतो, दुसरा कोणी विचारणार नाही. नुसता उभा राहूनही फ्रिज बिघडतो, पोरी. दाराचं रबर कडक होतं."

एस्नाथ कप विसळू लागली. तेवढ्यात फोन वाजला. हात ओले होते, म्हणून तिने तो ओट्यावरच स्पीकरवर सुरू केला. मस्विंगोहून धाकटी जाऊ फेलिस्तास बोलत होती.

"जाऊबाई, ट्रकवाला गुरुवारी निघतोय. फ्रिज पाठवून द्या ना! जागासुद्धा करून ठेवलीय."

"कुठे?"

"तुमच्या खोलीत. पलंग मुलांना दिला. तुम्ही काय, आलात की चार दिवस बैठकीत झोपालच."

"मी डिसेंबरात कायमची येतेय, फेलिस्तास."

"हो हो, ते दरवर्षीचंच!" फेलिस्तास हसली. त्या हसण्यात दुष्टपणा नव्हता. मग तिने मुलांच्या परीक्षांचे सांगितले, पाऊस नसल्याचे सांगितले आणि फोन ठेवला.

गॅसची टाकी फनुएलने उघडली नव्हती. तो पायरीवर जाऊन बसला आणि रस्त्याकडे पाहू लागला.

एस्नाथने हात पुसले. फोटो उचलून टेबलावर ठेवला, रुमालाची घडी केली. फोटोखालच्या कागदावर सही करून तो शाळेच्या पिशवीत घातला. मग स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि प्लास्टिक एका कडेने वरून खाली कापले. जोसायाने लिहिलेला कागद मध्ये येत होता, तिथे तिने सुरी वळवून नेली.

आवाज ऐकून फनुएल आत आला. त्याने थर्माकोल काढले, दार उघडमीट करून पाहिले. वरच्या कोपऱ्यात रबर चिकटत नव्हते.

"गरम पाणी दे. आणि एक फडकं."

तो कोपरा शेकत राहिला, ती पाणी बदलून देत राहिली. अखेर दार घट्ट बसले. त्याने प्लग लावला. आत दिवा लागला.

"जुन्याचं काय?"

"तुम्ही न्या. सुटे भाग उपयोगी पडतील."

तिने दुधाचे पातेले आत ठेवले, शेजारी कोबी ठेवला आणि दार लावले. मग जमिनीवरचे प्लास्टिक गोळा केले, जोसायाचे अक्षर आतल्या बाजूला येईल अशी त्याची घडी घातली आणि ती फाटकाबाहेरच्या कचऱ्याच्या डब्यात ठेवून आली.