सावरवाडीचा बेलभंडारा

सावरवाडीने बेलभंडारा उचलला, त्याच्या तिसऱ्या दिवशी लखमा धिंदळे गावाला दिसेनासा झाला.

शपथेचे शब्द त्याचेच होते. गोऱ्यांचे ठाणे जाळून डोंगरात शिरण्याआधी त्याने अख्खे गाव महादेवाच्या देवळात बसवले. प्रत्येकाने बेलाचे पान आणि चिमूटभर भंडारा हातात घेऊन म्हटले, "लखमाला आम्ही पाहिलं नाही, पाहत नाही, पाहणार नाही." सावरवाडीचे कोळी शपथ मोडत नाहीत हे त्याला ठाऊक होते. ती इतकी मन लावून पाळतील, एवढे मात्र त्याच्या डोक्यात आले नव्हते.

भर दुपारी ओढ्यावर त्याचा मेहुणा कोंडाजी पाणी पीत होता. लखमा त्याच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. कोंडाजीने त्याच्या आरपार डोंगर पाहिला, मिशा पुसल्या आणि निघताना लखमाच्याच पायाला ठेचकाळला.

"आरं, हितं दगूड कधी आला?" कोंडाजी म्हणाला.

लखमा घरी गेला. त्याची बायको ठमाबाई रोज त्याच्या वाटची भाकरी ताटलीत झाकून ठेवत असे. तिच्यासमोर बसून त्याने ती खाल्ली. थोड्या वेळाने तिने झाकण उचलले, रिकामी ताटली पाहिली आणि तिला रडू कोसळले.

"येऊन ग्येला वाटतं," ती म्हणाली. "दोन सबूद तरी बोलून जायाचं."

"ठमे, अगं हा काय मी," लखमा म्हणाला. ती ताटली घासायला उठली. त्यानंतर घरी जायचे त्याला धाडस झाले नाही.

डोंगरातल्या साथीदारांनीही शपथ घेतलेली होती. ते सहा जण भाकरीचे सहा वाटे करत. लखमा मध्ये बसून बेत सांगे आणि ते एकमेकांना विचारत, "लखमा असता तर काय म्हनला असता?" मग आपल्याच मनाने ते खिंडीत उतरले आणि पलटणीला पळवून लावून आले. त्याच्यावाचून त्यांचे काही अडले नाही, आणि खोटे कशाला बोला, हे त्याच्या जिव्हारी लागले. असे वर्ष गेले.

एके सकाळी तो आपल्या पायांनी फौजदाराच्या तळावर गेला. फौजदार जठार देशावरचा. त्याने कसली शपथ घेतली नव्हती.

"कोण रे तू? थांब तिथंच!"

लखमाचे डोळे भरून आले. त्याला कोणी 'रे' म्हणून वर्ष झाले होते. त्याने नाव सांगितले.

"उद्या कोणीही सांगेल," जठार म्हणाला. "गावाने ओळख पटवल्याशिवाय साहेब फाशीच्या कागदावर सही करत नाहीत."

लखमाला अंगणातल्या बाकावर बसवले आणि गाव बोलावले. कोणी ओळखले तर फास होता आणि नाही ओळखले तर पुन्हा तेच डोंगर. फास लागला तरी चालेल, पण कोणीतरी ओळखावे, एवढेच आपल्याला हवे आहे हे लखमाला पक्के कळले होते आणि त्याची त्याला लाज वाटत होती.

"बाकावर कोण आहे?" जठारने कोंडाजीला विचारले.

"बाक रिकामाच हाये जी."

कोंडाजी खरे तेच बोलत होता. एकेचाळीस माणसांनी तेच सांगितले. प्रत्येकाच्या उत्तरासरशी बाक हातभर लांबत गेला आणि दुसऱ्या टोकाशी खुर्ची टाकून बसलेला जठार दूर दूर जाऊ लागला. तो आता मुठीएवढा दिसत होता.

शेवटी ठमाबाई आली. तिच्या कडेवर सहा महिन्यांची पोर होती. शपथेच्या वेळी ती पोटात होती आणि लखमा तिला पहिल्यांदाच पाहत होता.

"हा तुझा नवरा?" जठार लांबून ओरडला.

"माजा नवरा डोंगरात हाये. तुमास्नी दिसला तर म्हनावं, भाकरी झाकून ठिवलीया."

सहा कोस चालून तिचा हात भरून आला होता. बाक रिकामा बघून तिने पोर त्यावर ठेवली. पोर लखमाच्या मांडीवर बसली.

पोरीने मान वर करून त्याच्याकडे पाहिले, दोन्ही मुठींनी त्याच्या मिशा धरल्या आणि खदखदून हसली.

बाकाच्या त्या टोकाला जठार ताडकन उठला. ठमाबाई पोरीच्या हवेत मिटलेल्या मुठींकडे टक लावून बघत राहिली. मग तिने हळूच हात पुढे केला.

"नको, ठमे," लखमा म्हणाला.

तिची बोटे त्याच्या गालापाशी आली होती.