ठकीच्या पोटातली रिफिल

मी पेन बोलतेय. जरा अंतर ठेवूनच ऐका. आणि ऐकता ऐकता तुमच्या हातातलं पेन नकळत तोंडाकडे निघालं असेल, तर आधी ते खाली ठेवा. मी थांबते.

ठेवलंत? आता कुठे जीव भांड्यात पडला.

मी मुळातच घाबरट. लाकूड गरगर फिरवून तासायचा लेथ सुरू झाला की आजही माझ्या अंगावर काटा येतो. लाकडाच्या अंगावरचा काटा म्हणजे कुसळच की. मग आमच्या मिस्तरींची धाकटी मुलगी बारीक पॉलिश पेपर घेऊन येते आणि मला घासते. पण भीतीचं एकवेळ चालतं. माझ्या वाट्याला भीतीहून जास्त आली ती किळस.

पेन होण्याआधी मी एका स्टुलाचा पाय होते. मिस्तरींच्या वर्कशॉपमध्ये गिऱ्हाइकांनी बसायचं म्हणून ठेवलेलं स्टूल. बसणाऱ्याला वाटतं, स्टुलाला काय कळतंय! एकाने चघळून चोथा झालेला गम माझ्या वरच्या टोकाला चिकटवला, तो चार वर्षं तिथेच होता. एक बाई बोलता बोलता चप्पल काढायच्या आणि पायाची बोटं माझ्यावर खसाखसा घासायच्या. एक गृहस्थ होते, चांगले इस्त्रीच्या शर्टातले. ते नाकात बोट घालायचे, आणि कुणी बघत नाही असं बघून ते बोट स्टुलाखाली पुसायचे. कुणी बघत नाही कसं? मी होते ना!

मिस्तरी मात्र कधी बसले नाहीत. उभ्याने काम करणारा माणूस. दोन मुली, थोरली लग्न होऊन गेली, धाकटी बापाशेजारी लेथवर उभी राहिली. एका सकाळी हातात रंधा असतानाच मिस्तरींना अर्धांगवायूचा झटका आला. पडता पडता त्यांनी स्टुलाचा आधार घेतला. मी कडकन मोडले. दवाखान्यातून ते परत आले ते उजवा हात लुळा आणि तोंडाचा उजवा कोपरा ओघळलेला, असे.

पाठोपाठ दुसरी काळजी आली. वर्कशॉपची जागा कारागिरांच्या संघाची. ती धाकटीच्या नावावर करायची तर मिस्तरींनी ऑफिसात जाऊन, त्या लोकांसमोर कागदावर सही करायला हवी. महिनाअखेरपर्यंत झाली नाही, तर जागा यादीतल्या पुढच्या कारागिराला जाणार. म्हणजे धाकटीचा लेथ रस्त्यावर.

"बाबा, सही जमत नसेल तर अंगठा चालतो म्हणालेत," धाकटी म्हणाली.

"त्यांना चालतो." मिस्तरी एकेक शब्द ओढत बोलत होते. "मला नाही चालत. तिसाव्या वर्षी शिकलो सही. लाज गिळून शिकलो. आता परत... अंगठेबहाद्दर?"

"मग जागा गेली तरी चालेल?"

मिस्तरींनी लुळा हात डाव्या हाताने उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाले, "पेन दे."

तिने घरात होती नव्हती ती सगळी पेनं दिली. एक ना धड. बॉलपेन दाबल्याशिवाय उठत नाही, आणि मिस्तरींच्या बोटांत दाबायला जोर नव्हता. शिवाय ती पेनं काडीसारखी बारीक. हातातून सटासट निसटायची.

तेव्हा धाकटीला कोपऱ्यात ठेवलेला स्टुलाचा पाय आठवला. म्हणजे मी.

माझा जन्म सांगण्यासारखा नाही. कापलं, मधोमध भोक पाडलं, भोकात पितळी नळी आणि नळीभोवती सरस, दुर्गंधी येणारा. बाजारात पेनचं किट मिळतं. त्यात नळी, पुढचं टोक, टोपण, क्लिप आणि बुडाची पितळी टोपी असते. लाकूड तेवढं आपलं. धाकटीने मला मुद्दाम जाड ठेवलं, छन्नीच्या मुठीसारखं. ती मूठ मिस्तरींच्या हाताला चाळीस वर्षांची ओळखीची.

घोडं अडलं रिफिलपाशी. किट होतं बॉलपेनच्या रिफिलचं. मिस्तरींना हवी होती जेलची, नुसती टेकवली तरी शाई सोडणारी. पण जेलची रिफिल लांब, टोकाला जाड. ती माझ्यात मावेना.

"मागून थोडी कापून टाक की," बघायला आलेले भावोजी म्हणाले. भावोजी म्हणजे थोरलीचा नवरा. मनाने वाईट नाही, पण सगळ्यातलं सगळं कळणारा. धाकटीने घडवलेली पेनं तेच दुकानादुकानांत नेऊन दाखवायचे.

"जेलची रिफिल भरलेली असताना कापायची नसते, भावोजी. हे बघा, शाईच्या मागे हा पांढरट थेंब दिसतोय? हे ग्रीस. हेच तिचं बूच. हे गेलं की शाई मोकाट. रिफिल पेनाच्या मापाची करायची नाही, पेन रिफिलच्या मापाचं करायचं."

"हो हो, कळलं," भावोजी म्हणाले. त्यांचं लक्ष चहाकडे होतं. ढवळायला चमचा दिसेना म्हणून त्यांनी दुसरंच एक पेन कपात घातलं. मी शहारले.

धाकटीने मग माझं पुढचं भोक केसभर वाढवलं, आतली स्प्रिंग काढून टाकली आणि बुडाची टोपी आतून कोरून पोकळ केली. रिफिलची शेपटी त्या पोकळीत अशी चपखल बसली, की मलाही पोट भरल्यासारखं वाटलं. मिस्तरींनी मला हातात घेतलं, वळवून वळवून पाहिलं आणि झटक्यानंतर पहिल्यांदा हसले.

"ही तर... ठकी! लाकडाची बाहुली."

तेव्हापासून मी ठकी.

सराव वापरलेल्या पॉलिश पेपरच्या पाठीवर चालायचा. पहिल्या दिवशी सहीच्या जागी नुसतं गांडूळ उमटलं. चौथ्या दिवशी पहिलं अक्षर ओळखू आलं. मिस्तरी मान खाली घालून लिहायचे, सगळा जीव त्या तीन बोटांत आणायचे, आणि तेवढ्यात ओठाच्या उजव्या कोपऱ्यातून लाळ सुटायची. त्यांना ते कळायचंसुद्धा नाही.

एकदा तो थेंब माझ्यावर पडला. कोमट, बुळबुळीत, क्लिपपासून ओघळत त्यांच्या बोटांपर्यंत. शी! मी दचकले आणि त्यांच्या हातातून सुटले. टणकन फरशीवर.

मिस्तरी आपल्याच हाताकडे बघत राहिले. "मेला हा हात," ते हळूच म्हणाले. "आता नाही यायचा."

चूक हाताची नव्हती. माझी होती. पण मला कोण विचारतंय? मला आजही त्याची आठवण झाली की किळस येते, आणि ती लाळेची नव्हे.

धाकटीने मला उचलून परत त्यांच्या बोटांत ठेवलं. तीन आठवड्यांत सही आली. वाकडी, पण सही.

ऑफिसला जायच्या आदल्या दिवशी भावोजी टपकले.

"बाबा, ठकी जरा न्यायची होती. दुकानदाराला दाखवतो. कुठलीही रिफिल बसणारं पेन म्हटलं की उड्या पडतील!"

"कुठलीही नाही हं, एकच," आतून धाकटी ओरडली. "आणि आज अजिबात नाही, उद्या सही आहे."

पण जावयाला नाही कसं म्हणायचं? मिस्तरींनी मला पुढे केलं. "जावईबापू... सांभाळून."

सांभाळून! उंबरा ओलांडायच्या आत माझं टोपण त्यांच्या दातांत होतं. काय सांगू तुम्हाला ते तोंड! आत कालचं काहीतरी आंबत होतं. चावून झालं की त्याच टोपणाने कान कोरला. मग पाठ खाजवली. मग परत तोंडात. अहो, क्रम तरी उलटा ठेवायचा!

दुकानदार खमका होता. "कुठलीही बसते म्हणता? मग ही घालून दाखवा," म्हणून त्याने त्याच्याकडची रिफिल काढली. माझ्या रिफिलपेक्षा ती नखभर लांब. माझ्या बुडाची टोपी काही केल्या लागेना. भावोजींच्या कपाळावर घाम. चारचौघांत फजिती होणार म्हटल्यावर त्यांनी काउंटरवरची कात्री उचलली आणि मागून कच्चकन छाटली.

"हे तुमच्या बोटाला काय बुळबुळीत लागलं?" दुकानदाराने विचारलं.

"तेल असेल हो कारखान्यातलं," भावोजी म्हणाले आणि बोट पँटला पुसलं.

ते बूच होतं. मी आतल्या आत किंचाळले. पण लाकडाची किंकाळी ऐकतो कोण? माझी स्वतःची रिफिल घरी जाईपर्यंत भावोजींनी दातकोरण्यासारखी चघळली आणि मग खिशात टाकली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल भरलेला होता, आणि तो मी होते.

दुसऱ्या दिवशी तेच गाडी घेऊन आले. "ठकी माझ्याकडेच आहे, अगदी नीट," म्हणत खिसा थोपटला. खिशात मी डोकं वर, बूड खाली. गाडीच्या प्रत्येक हिसक्यासरशी उघड्या रिफिलमधून शाई माझ्या पोटात गळत होती. चिकट, काळीनिळी, सांध्यासांध्यांत शिरणारी. उलटी आली की माणूस निदान ओकतो तरी. मी सगळं पोटात धरून बसले.

ऑफिसात कागद समोर आला. धाकटीने बापाच्या बोटांत मला ठेवलं आणि मी तिरपी होताच सगळं बाहेर आलं. मिस्तरींची बोटं माखली, कागदावर मोठा डाग पडला. भावोजींनी घाईने खिशाकडे पाहिलं. तिथेही एक फुलला होता.

"हे काय झालं?" धाकटीचा चेहरा पांढराफटक.

भावोजी चाचरले. "अगं, ती... मागून थोडीशीच छाटली होती."

काउंटरपलीकडच्या बाईंनी सुस्कारा टाकून दुसरा कागद काढला. "हे घ्या पेन." दोरीला बांधलेलं, शेकडो घामट हातांतून गेलेलं बॉलपेन. मिस्तरींनी ते तीनदा टेकवलं. तीनदा निसटलं. मागे रांग कुजबुजायला लागली.

"आजोबा, अंगठ्याला शाई लागलीच आहे," बाई म्हणाल्या. त्यांनी मनापासूनच सुचवलं. "टेकवा इथे. झालं काम."

"हो बाबा, लावून टाका," भावोजी म्हणाले. "काय फरक पडतो?"

मिस्तरींनी अंगठा मुठीत लपवला. म्हाताऱ्या माणसाने लहान मुलासारखी मूठ लपवलेली बघणं फार वाईट. मग त्यांनी धाकटीकडे पाहिलं, आणि मूठ हळूहळू उघडायला लागली. तिच्या जागेसाठी.

"थांबा बाबा," धाकटी म्हणाली. "भावोजी, ठकीची जुनी रिफिल कुठाय?"

भावोजींनी खिसे उपसले. किल्ल्या, रुमाल आणि रिफिल. तळाशी चार बोटं शाई, पण शेपटी चावून चावून चपटी. धाकटीने मला खोललं, रुमालाने पोट पुसलं, ती रिफिल घातली. चपटी शेपटी बुडाच्या गोल पोकळीत जाईना. हत्यारं सगळी वर्कशॉपमध्ये.

मग तिने जे केलं ते मी जन्मात विसरणार नाही. भावोजींची उष्टी, खिशातल्या केरात लोळलेली ती रिफिल तिने स्वतःच्या तोंडात घातली आणि चपटी बाजू उभी धरून दातांनी दाबली. एकदा. वळवून पुन्हा. धाकटीने! जी मला साबणाने हात धुतल्याशिवाय उचलत नाही, तिने!

शेपटी गोल झाली. टक् करून टोपी बसली.

मी मिस्तरींच्या हातात आले. बोटं शाईने निसरडी. त्यांनी मान खाली घातली, ओठ मिटायचा प्रयत्न केला, आणि पहिलं अक्षर काढलं. दुसरं. तिसऱ्या अक्षरावर मला तो थेंब दिसला. ओठाच्या कोपऱ्यात जमत होता, फुगत होता.

पडला. माझ्यावरच.

खोटं कशाला बोलू? किळस आली. नखशिखांत आली. पण मी सुटले नाही. त्या तीन बोटांना चिकटून राहिले, शेवटच्या अक्षराखालची रेघ पूर्ण होईपर्यंत.

बाईंनी सही पाहिली, शिक्का मारला. "मुलीच्या नावावर झाली बरं का जागा, आजोबा." मिस्तरींनी माखलेला अंगठा शांतपणे जावयाच्या पांढऱ्या शर्टावर पुसला.

आता मी लेथशेजारी असते, एका स्वच्छ डब्यात. पोटातला शाईचा डाग गेला नाही, जायचाही नाही. टोपणावर दातांचे व्रण आहेत. मिस्तरी रोज पॉलिश पेपरच्या पाठीवर माझ्याकडून सही करून घेतात. थेंब रोज पडतो. किळसही रोज येते. सवय होईल असं म्हणतात. मला काही झालेली नाही.

तुमच्याकडे एवढंच मागणं, की रिफिल मावत नसेल तर कात्री उचलण्याआधी तिच्या मागे काय आहे ते बघा. आणि दुसऱ्याचं पेन तोंडात घालू नका. कुणाची तरी सही त्यात अडकलेली असते.

थांबा. बाहेर गाडी थांबली. चपला वाजल्या. "बाबा, ठकी जरा—"

अगं बाई! मिस्तरी, मूठ आवळा. आवळा लवकर!