खाली फ्लॅश

भगवंतने निगेटिव्हची आणखी एक पट्टी ट्यूबलाइटसमोर धरली आणि शोधत असल्यासारखे डोळे बारीक केले. केशरबाईंच्या दर्यापूरच्या लग्नाच्या दोन्ही रोलांच्या पट्ट्या त्याने सकाळीच पाहून संपवल्या होत्या. त्यांना हवा असलेला फोटो त्यांत नव्हता.

"बाबा गेले, त्याइचा दुसरा फोटोच नाही जी," केशरबाई स्टुलावरून म्हणाल्या. "मतदान कार्डावर आहे, पन त्याच्यात ते चोरावानी दिसतात. पाठवणीच्या टायमाले तुमी आमचा दोघाइचा काढला होता. लखकन उजेड पडला होता, मले याद आहे."

जठारपेठेतल्या त्या चिंचोळ्या दुकानात आता झेरॉक्स आणि लॅमिनेशन चाले. जुना कॅमेरा काचेच्या कपाटात असे. त्याच्याचसाठी शेजारचा गोपाल आत डोकावला.

"काका, हा दोन दिवस द्या ना. प्रीवेडिंगचं शूट आहे. नवरदेवाच्या हातात द्याचा आहे."

"रोल कुठं भेटते आता?"

"रोल कायले पायजे? खटका वाजला का नवरी हासते, तेवढ्यात मी माह्या कॅमेऱ्यात घेतो. याचं काम आता तेवढंच राह्यलं."

भगवंतला शिसारी आली. ती त्याच्या ओळखीची होती. मोबाइलवाले चेहरे घासून गोरे करतात, माझ्या यंत्राला खोटे बोलता येत नाही, असे तो गिऱ्हाइकांना वर्षानुवर्षे ऐकवत आला होता. आजही ते वाक्य जिभेवर आले आणि दूध नासावे तसे तिथेच नासले.

यंत्राला खोटे येत नव्हते, हे खरे. ते त्याच्या हातांना येत होते. वरपक्षाने दोनच रोल ठरवले होते आणि बहात्तर फोटो नवरदेवाच्या मामा-मावश्यांतच संपले होते. मग ज्याने हाक मारली, त्याच्यासमोर तो रिकाम्या कॅमेऱ्याची कळ दाबत राहिला. मांडवात कुणी रुसू नये म्हणून तेव्हा सगळेच असा 'खाली फ्लॅश' मारत. आत रोल नसला तरी खटका तसाच वाजे, फ्लॅश तसाच पडे. एवढ्यावर तरी त्याने थांबावे! तो सवयीने म्हणाला होता, मान वर करा, थोडं हासा, आनखी एक घेऊ. त्या 'आनखी एक'ची त्याला आता किळस आली. बोटांना काहीतरी बुळबुळीत लागल्यासारखी त्याने ती पँटला पुसली.

निगेटिव्हला बुरशी लागली, असे सांगणे सोपे होते. पूर्वी दुसऱ्या गिऱ्हाइकांना सांगितलेही होते.

"बाई," तो म्हणाला, "रोल संपला होता. मी खाली फ्लॅश मारला."

"म्हंजे तुमी बी, काका?" गोपाल हसला. केशरबाईंकडे लक्ष जाताच तो कॅमेरा तसाच सोडून पायरी उतरला.

केशरबाईंनी टेबलावरच्या पट्ट्या एकेक करून पाकिटात सरकवल्या. कडेने धरून, बोटांचे ठसे उमटू न देता.

"पन बाबा हासले होते," त्या म्हणाल्या. "घरी कदी हासत नसत. मी त्याइच्या बाजूले उभी होती, मले कसं दिसन? तुमच्याचकडं तोंड होतं त्याइचं."

"हो."

"मंग तुमीच सांगा भाऊ. कसे दिसत होते?"

भगवंतने तोंड उघडले. केशरबाई थोड्या पुढे झुकून बसल्या.

रोल नसला, की तो कॅमेऱ्याला नुसता डोळा लावी. पाहत नसे.