उजवा ब्रेक

कॉम्प्युटरच्या पडद्याच्या तळाशी एक हिरवी पट्टी होती. उजवा ब्रेक किती दाबला गेला आहे ते ती दाखवायची. कोणी दाबत नसेल तर ती दिसायलाच नको. तूरिड बघत असताना पट्टी शून्यातून निघाली, दुधावर साय यावी तशी सावकाश वर आली, साधारण तिसऱ्या हिश्श्यापाशी थांबली आणि तिथेच राहिली. थरथरली नाही. सेन्सर बिघडला की पट्टी उड्या मारते, मध्येच गायब होते. ही तशी वागत नव्हती.

"बघितलंस?" तिचा नवरा अर्नफिन खुर्चीतून म्हणाला. "मी काही करत नाहीये. भूत बसलंय त्यात."

पडद्यावरचं विमान धावपट्टीला टेकलं, उजवीकडे ओढलं गेलं आणि गवतात जाऊन रुतलं.

फ्लाइंग क्लबची धावपट्टी हिवाळाभर बर्फाखाली असायची. तेवढे महिने अर्नफिन तळघरातल्या या सिम्युलेटरवर काढायचा. पायाखाली दोन पेडलं. ती पुढेमागे सरकवली की विमान वळायचं, आणि चवड्याने पेडलाचा वरचा भाग दाबला की त्या बाजूच्या चाकाला ब्रेक लागायचा. अगदी खऱ्या विमानासारखं. आता बर्फ वितळलं होतं. उद्या रविवारी क्लबच्या विमानातून वर्षातलं पहिलं उड्डाण होतं आणि शेजारच्या खुर्चीत बसायला त्यांची मुलगी इंगविल बर्गनहून यायला निघाली होती.

सत्तरी झाली तेव्हा अर्नफिनने जाहीर केलं होतं, की एवढा एक उन्हाळा, मग विमानाची किल्ली क्लबला परत. तो उन्हाळा सरला, त्याच्या पुढचाही सरला. विषय निघाला की तो कॉफी ओतायला उठायचा. तूरिडही मागे लागत नसे. त्याच्या या एका सुखाला आपण नख लावू नये असं तिला वाटायचं.

पेडलांनी मात्र त्याला छळलं होतं. त्याने सेन्सर पुसला, तार बदलली, प्लग जोडपट्टीतून काढून थेट कॉम्प्युटरला लावला. पेडलं दुकानात परत पाठवली, तर दुरुस्ती करणाऱ्याने दोष सापडत नाही म्हणून तशीच धाडून दिली. गुरुवारी त्याने लोखंडी पाटाला नवी भोकं पाडून ती पुन्हा घट्ट बसवली. इंटरनेटवरच्या वैमानिक मंडळींनी सुचवलं, की ब्रेकच्या सुरुवातीच्या दाबाकडे कॉम्प्युटरला दुर्लक्षच करायला सांग. त्याने तसं केलं, आणि हे दुर्लक्ष हिवाळाभर वाढवत नेलं.

तूरिडने जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान शिकवलं होतं. हे ऐकून तिच्या कपाळावर आठी पडली. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटरचं शून्य कोणी वर सरकवतं का, असं तिने विचारलं. अर्नफिन म्हणाला, की बाईंचा तास सुरू झाला, आता घंटा होईपर्यंत सुटका नाही.

तिने कॉम्प्युटरला दिलेली ती दुर्लक्षाची सवलत काढून टाकली आणि पेडलांच्या तारांची अदलाबदल केली. आता उजव्या पायाचा दाब डाव्या पट्टीवर दिसणार होता. अर्नफिनने विमान उतरवलं आणि या वेळी डावी पट्टी वर चढली. म्हणजे तारा आणि कॉम्प्युटर निर्दोष. जे काही होतं ते उजव्या पेडलापाशी होतं. मग तिने त्याला उठवलं आणि स्वतः बसली. विमान धडपणे उतरलं नाही, पण दोन्ही पट्ट्या शून्यावर मेल्यासारख्या पडून राहिल्या.

"तुला घाबरतंय ते," अर्नफिन म्हणाला. "मीही घाबरतो." मग त्याने मोज्यांना बोल लावला. तिने विणलेले लोकरीचे मोजे इतके जाड, की पायाला काही कळतच नाही. बूट दारात काढायचे हा तिचाच नियम, म्हणजे खापर तिच्यावरच.

त्याला पुन्हा बसवून ती टॉर्च घेऊन टेबलाखाली वाकली. वैमानिक स्वतःच्या पायांकडे बघत नाही. पाय कुठे आहे ते त्याला कळतं. इतके महिने त्या दोघांनी पट्टीकडे पाहिलं होतं, पेडलाकडे पाहिलं होतं.

"पाय ब्रेकवरून काढ," ती म्हणाली.

"काढलेलाच आहे."

टॉर्चच्या उजेडात त्याचा उजवा चवडा पेडलाच्या वरच्या भागावर होता आणि ते खाली दाबत होता.

तिने पुन्हा सांगितलं. तिला ऐकू कमी येतंय की काय, असं त्याने पडद्याकडे बघत विचारलं. तिने त्याची टाच धरून पाय अलगद बाहेर ओढला. मोज्याचा तळवा एका जागी काळा पडून कडक झाला होता. ओढला तर तो कातडीला चिकटलेला. तिने दात आवळून तो सोडवला. चवड्याच्या मांसात लोखंडाचा पिळलेला कीस रुतला होता, नखाएवढा, भोकं पाडताना उडालेला. आजूबाजूचं मांस सुजून लाल झालं होतं. गुरुवारपासून हा माणूस त्यावर चालत होता. काल दुकानात जाऊन आला होता, गाडी चालवत.

तिने हत्यारांच्या पेटीतल्या चिमट्याने कीस उपटला. रक्ताची धार तिच्या मनगटावर आली.

"सापडलं का काही?" अर्नफिनने वरून विचारलं. त्याच्या आवाजात कुतूहलाखेरीज काही नव्हतं.

तिने चिमटा वर धरला. अर्नफिनने आधी कीस पाहिला, मग तिचं मनगट, मग वाकून स्वतःचा पाय. त्याचा चेहरा ओळखू येईना.

"हा माझा पाय?" तो म्हणाला.

तिने एकेक बोट दाबून ते कुठलं असं विचारलं. त्याने डोळे मिटून उत्तरं दिली. एकही बरोबर आलं नाही. घोट्यापर्यंत पोचल्यावर कुठे त्याला तिचा हात कळला.

दोघांच्या मनात एकच गोष्ट आली असावी, कारण तिने सप्टेंबर म्हणताच त्याने मान खाली घातली. सप्टेंबरमध्ये क्लबचं विमान उतरताना उजवीकडे ओढलं गेलं होतं आणि कुंपणाच्या अलीकडे कसंबसं थांबलं होतं. त्याने वाऱ्याला दोष दिला होता. शेजारी इंगविल बसली होती. घरी येऊन तिघांनी वाफल खाल्ले होते आणि वाऱ्याला शिव्या घातल्या होत्या.

"वारा नव्हताच फारसा," अर्नफिन हळू म्हणाला.

वर दार वाजलं. बूट काढल्याचा आवाज, मग जिन्यावर इंगविलची पावलं. ती हसतच खाली आली. उद्या आभाळ स्वच्छ आहे, असं सांगत होती. मग तिला बापाचा उघडा पाय आणि आईचं मनगट दिसलं, आणि ती पायरीवरच थांबली.

"बाबा, काय झालं?"

अर्नफिनने तूरिडकडे पाहिलं. ती मनगट पुसत राहिली. हे त्यानेच बोलायचं होतं.

"मी आता विमान चालवणार नाही, इंगविल," तो म्हणाला. "उद्याही नाही, नंतरही नाही. किल्ली आजच परत करू. आणि क्लबपर्यंत गाडी तू चालव."